माणूस बाहेर आल्याचे मी स्वतः पाहिले

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

झालं एकदाचं बिऱ्हाड! दीड वर्ष मी पुण्यात, ऋतुराज आंबिवलीच्या कारखान्यात, आणि आमच्या लग्नाचा अल्बम मिरजेला सासूबाईंच्या कपाटात. नवराबायको आहोत हे आम्हाला नातेवाइकांकडून कळायचं. आता ठाकुर्लीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक बाल्कनी आणि तिच्यात मावेल एवढी एक तुळस. त्याच्याच कंपनीच्या ठाण्याच्या ऑफिसात मला नोकरी लागली, त्यामुळे घरात आता कारखाना आणि कॉम्प्युटर दोन्ही बाजू हजर. सकाळी तो आंबिवलीकडे, मी ठाण्याकडे. समोरासमोरच्या फलाटांवरून हात करत बसतो, लोक बघतात. बघू देत.

ऑफिस वागळे इस्टेटमध्ये. आमचे साहेब महिपत सर. निवृत्तीला आलेले, पुस्तकी मराठी बोलणारे, जेवल्यावर न चुकता बडीशेप वाटणारे. त्यांनी मला काम समजावून सांगितलं, जसं काही मी आठ वर्षं हेच करत नव्हते. कंपनीचा सगळा कारभार एका मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये चालतो. वीस वर्षांच्या नोंदी साचून ते गोगलगाईच्या गतीने चालायला लागलंय. जुन्या नोंदी आर्काइव्हमध्ये हलवायच्या. आईला मी हे काम असं सांगते: माळ्यावर टाकायचं सामान. आधी जुन्या सामानाची नक्कल माळ्यावर ठेवायची, ती नीट पोचली का बघायचं, मग खालचं सामान जाळून टाकायचं. माळ्यावरचं बघता येतं, पण परत खाली आणून वापरता येत नाही.

मार्चअखेर नवं सॉफ्टवेअर येणार, त्याआधी घर रिकामं हवं. होईल. माझा हात या कामात चांगला बसलाय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

होत नाही! आर्काइव्हचा जॉब, म्हणजे नोंदी हलवणारा प्रोग्राम, लावला की अर्ध्यावर जातो आणि आडवा पडतो. तीनदा लावला, तीनदा पडला. महिपत सर म्हणाले, आधीचे दोघे याच कारणाने सोडून गेले. हे त्यांनी मुलाखतीत नाही सांगितलं.

मला स्क्रीनवर चुकीची लाल अक्षरं बघवत नाहीत, त्यामुळे दिवसभर खोदत बसले. सगळा घोळ एका नोंदीपाशी येऊन थांबतो. आंबिवलीच्या कारखान्यातल्या चार नंबरच्या टाकीचा एक परवाना. साल २०११. तो अजून चालू आहे, आणि सॉफ्टवेअर चालू कामाला हात लावत नाही. त्या परवान्याला टाकीच्या, तिच्या पाइपांच्या, पंपांच्या हजारो नोंदी चिकटलेल्या, म्हणून सगळंच अडलंय.

हा परवाना काय प्रकार असतो ते रात्री ऋतुराजला विचारलं, कारण तो तिथे मेंटेनन्स इंजिनिअर आहे आणि असल्या टाक्यांत उतरणं हेच त्याचं काम. रसायनांच्या टाकीत माणूस साफसफाईला किंवा तपासणीला उतरला की त्याच्या नावाचा परवाना उघडतात. तो स्वतःचा पितळी बिल्ला टाकीच्या तोंडाशी खिळ्याला अडकवतो आणि मग शिडीने आत जातो. बाहेर एक माणूस बसवतात. त्याला दुसरं काही काम नाही, फक्त थोड्या थोड्या वेळाने आतल्याचं नाव घेऊन हाक मारायची. आतल्याने ‘हाय’ म्हणायचं. बाहेरचे सगळे तिथले जुने आगरी कामगार, त्यामुळे ‘हाय’ म्हणायची चाल पडली, आणि आमचा मिरजेचा गडीही आता ‘हाय’ म्हणतो. मी खूप हसले. माणूस बाहेर आला की परवाना बंद करायचा. आत एक, बाहेर एक, हिशेब जुळला.

माझ्या अडलेल्या परवान्यात आत एक आहे. बाहेर शून्य. नाव राघो केणे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

महिपत सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले की कारकुनी चूक आहे, कुणीतरी बंद करायचं विसरलं, आपण बंद करून टाका. ‘आपण’ म्हणजे मी.

पण विसरलं नाहीये कुणी, तिथेच तर खोच आहे. परवान्याची मुदत एका पाळीपुरती असते. हा रोज वाढवलाय. तेरा वर्षं, दिवाळीच्या दिवशीसुद्धा. लॉगिन एकाच माणसाचं: काळुराम भोईर.

ऋतुराज त्याला ओळखतो. तिथला सगळ्यात जुना माणूस, बाहेर बसून हाका मारणारा. गावात तीन मजली घर, जमीन विकून आलेला पैसा, मुलाची पेट्रोलपंपाची भागीदारी, त्याला नोकरीची काय गरज? तरी रोज डबा घेऊन येतो आणि सुट्टी असली तरी एक चक्कर मारतोच. चार नंबरची टाकी कायमची बंद आहे, तिच्याकडे कोणी फिरकत नाही. हा मात्र तिथे जाऊन पाना घेऊन पत्र्यावर टकटक करतो आणि कान लावून उभा राहतो. पोरं त्याची टर उडवतात.

मी फोन केला. नमस्कार काका वगैरे करून विचारलं, हा परवाना का बंद करत नाही? ते म्हणाले, “पोरी, तो आत हाय. बंद नको करू.” एवढंच. मी पुढे विचारेपर्यंत फोन ठेवला. माझं डोकं फिरलं. तेरा वर्षं एक म्हातारा हट्टाने एक नोंद उघडी ठेवतो आणि त्यापायी अख्ख्या कंपनीचा सर्व्हर रांगतोय!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

केलं बंद.

सरळ सोपं होतं. ‘बाहेर’ या रकान्यात एक टाकायचा आणि खाली एका वाक्यापुढे खूण करायची. वाक्य असं: ‘माणूस बाहेर आल्याचे मी स्वतः पाहिले.’ पुढे आपोआप माझं नाव. हात क्षणभर थांबला, खोटं नाही सांगत. मी त्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं. पण असली वाक्यं काय, दिवसात दहा येतात, कोण वाचतं? महिपत सर मागे उभे होते. खूण केली.

जॉब लावला आणि पळाला की! नक्कल झाली, पडताळणी झाली, खालचं पुसलं गेलं. सगळं हिरवं. सरांनी ऑफिसला बटाटेवडे मागवले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की दहा दिवसांत मुलीने गड घेतला. मी फुगले. ऋतुराजला फोन करून एवढं सांगितलं की तो म्हणाला, बाई, आता आरती करू का तुझी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज घरी भांडण झालं. आमचं पहिलंच.

चार नंबरची टाकी उघडायची ठरलीय. मी केलं ते. तिची तपासणी तेरा वर्षं रखडलेली, कारण आत माणूस असल्याची नोंद असेपर्यंत सॉफ्टवेअर टाकीवर दुसरं काम काढू देत नव्हतं. मी परवाना बंद केला, कुलूप निघालं, आणि तपासणीचं काम आपोआप पाळीवरच्या इंजिनिअरच्या नावावर पडलं. पाळी ऋतुराजची.

काळुरामकाका त्याला भेटायला आले होते. कँटीनच्या मागे उभं राहून त्यांनी त्याला सगळं सांगितलं. राघो केणे त्यांच्याच गावचा, त्यांच्याबरोबर कामाला लागलेला. त्या दिवशी तो आत उतरला होता आणि हाका मारायला काका बसले होते. काका चहाला म्हणून उठले. तेवढ्यात पाळी बदलली. राघोचा बिल्ला खिळ्यावरून निसटून गटारात पडला होता. नव्या पाळीला बिल्ला दिसला नाही, म्हणजे आत कुणी नाही. त्यांनी झाकण बसवलं आणि टाकीतली हवा काढून नायट्रोजन भरला. काका परत येऊन ओरडले, पण टाकी उघडायची तर कारखाना बंद करावा लागणार, आणि साहेबलोकांनी ठरवलं की राघो केणे कामावरून पळून गेला. बायको लक्ष्मी गेटवर बसायची, तिलाही तेच सांगितलं. ती वारली. काकांच्या हातात राहिला फक्त परवाना, तो त्यांनी बंद होऊ दिला नाही. ते हाक मारत राहिले. ते म्हणाले, आतून अजून उत्तर येतं.

मी म्हटलं, तू जायचं नाहीस. हातापाया पडले. तो म्हणाला की हवा तपासणार, श्वासाचं यंत्र लावणार, दोरी बांधणार, तेरा वर्षांपूर्वीचं आता काही राहिलं नाही. मग शांतपणे म्हणाला, आत माणूस असेल तर त्याला कुणीतरी बाहेर काढायला नको का? कुणाच्या तरी घरचा आहे तो.

त्याच्या नावावर हे काम आल्याचं मला दुपारीच कळलं होतं. मी ऑफिसातून ती नोंद परत आणायचा प्रयत्न केला होता. माळ्यावर दिसते, खाली येत नाही. मीच पुसली ना.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आला! सुखरूप आला. दुपारी उतरला आणि तासाभरात वर आला. आत काही नाही. हाडं नाहीत, कपडे नाहीत, कोरडी ठाक स्वच्छ टाकी. मी देवापुढे साखर ठेवली.

दमलाय फार. बाहेरचं दार सताड उघडं टाकून सोफ्यावर बसलाय. मी लावलं तर उठून परत उघडलं. समोरच्या काकू दोनदा डोकावून गेल्या.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळी दारं उघडी. संडासाचंसुद्धा. फ्रिजचंही. मी डॉक्टरकडे चल म्हटलं. त्याने नकारार्थी मान हलवली.

झोपताना पाठ भिंतीला लावून गुडघे पोटाशी घेऊन बसतो. तसाच झोपतो. ‘ऋतू’ म्हणून हाक मारली की लक्ष नसतं. दुसऱ्यांदा मारावी लागते, मग उशिरा वळतो, जसं कुणी शेजारच्याला हाक मारली आणि आपण उगीच बघतो.

धक्का बसला असेल. बंद जागेचा. तसंच असेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

बाजारातून सुका जवळा घेऊन आला. ऋतुराज! लग्नात कोकणातल्या आत्यांनी सुकट आणली तर मांडवातून उठून गेलेला माणूस. स्वतः चुलीपुढे – नाही, जमिनीवर उतरवलेल्या गॅसपुढे – उकिडवा बसला आणि कांद्यावर परतला. हाताने घाईघाईने खाल्ला. खाताना रडत होता.

मी हळूच म्हटलं, राघो.

लगेच वळला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

रात्र बाथरूममध्ये काढली. कडी लावून. तो बाहेर बसून होता, कडी काढ म्हणत होता, तुला भीती नय वाटत का, म्हणत होता. त्याला माझी काळजी वाटत होती. ते जास्त वाईट होतं.

ऑफिसात महिपत सरांनी बोलावलं. परत एक परवाना अडकलाय, चार नंबरची टाकी. आत एक, बाहेर शून्य. नाव ऋतुराज. सर हसून म्हणाले की तुमचे यजमान तर घरी जेवतायत, आणि तो भोईर बाहेरची नोंद करायला तयार नाही, आपण करून टाका मागच्यासारखी.

काकांना फोन केला. ते म्हणाले, तुझा साहेब वर आला, माझ्यासमोर आला, दोरी सोडली, निघून गेला. टाकी रिकामी आहे का बघायला सवयीने आत हाक मारली. आतून साहेबाच्या आवाजात ‘हाय’ आलं. मी सही नय करनार, पोरी. एकदा उठलो होतो, आता नय उठनार.

आता कळलं. मी लिहून दिलं होतं की राघो केणे बाहेर आला, मी पाहिला. तो आला. मी रोज पाहतेय. आणि हिशेब जुळायला आत दुसरा –

मी सही केली नाही. सरांना म्हटलं, नंतर.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आजारी म्हणून कळवलं आणि आंबिवलीला गेले. इंजिनिअरची बायको म्हणून गेटवरून आत सोडलं. काका टाकीपाशी स्टुलावर बसलेले. पाच दिवस घरी गेले नाहीत, सून डबा आणून देते.

टाकीच्या तोंडावर नुसती जाळी आहे. खाली काळोख, दिवसाउजेडीही. मी हाक मारली.

ऋतूने ओळखलं मला. आवाज त्याचाच, थोडा कंटाळलेला, पुण्याच्या बसची वाट बघताना असायचा तसा. म्हणाला, तू कशी इथे? म्हणाला, शिडी सापडत नाही, वरचा उजेड दिसत नाही, बॅटरी संपत आली. मला वाटतं त्याच्या मते अर्धाच तास झालाय. विचारलं, अजून किती वेळ?

मी म्हटलं, आलेच.

सरांचा फोन आला. सही नाही केली तर परवा ते स्वतः परवाना बंद करणार आणि कारखाना टाकीत नायट्रोजन सोडणार. मी सगळं सांगितलं त्यांना. सगळं. ते हळुवार आवाजात म्हणाले की थोडे दिवस सुट्टी घ्या.

घरी राघोने माझे पाय धरले. सही कर, मग मना कुनी परत आत नय टाकनार, म्हणाला. एकदा केलीस, आता परत कर. ऋतूचं लग्न झालंय हे त्याला माहीत नव्हतं, म्हणाला. त्याला फक्त बाहेर यायचं होतं. कुणीतरी बाहेर आला असं लिहिलं, म्हणून तो आला.

मला त्याचा राग यायला हवा. येत नाही. राग माझाच येतो, त्या एका खुणेचा.

सही नाही करणार, हिशेबाला मग आणखी कुणीतरी आत जाईल. ऋतूला काढणार.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. ऑफिसला सुट्टी, कारखान्यात तुरळक माणसं. सॉफ्टवेअर दुसरा परवाना काढू देत नाही, म्हणून काकांनी माझ्या नावाचा परवाना कागदावर हाताने लिहिला. मोबाईल आत चालत नाही, ठिणगी उडते म्हणे, म्हणून वर ठेवला. ही डायरी ओढणीत बांधून आणलीय, डोक्याला काकांनी दिलेली बॅटरी. हवा तपासली. दोरी बांधली. काका म्हणाले, मी हाक मारीन, तू ‘हाय’ म्हन. मी हाय म्हणेन.

सापडला! शिडीच्या अगदी पायथ्याशी बसलेला. हात गार, पण त्याचेच, डाव्या हाताच्या बोटावर जुनी भाजल्याची खूण. अंगात उभं राहायचं बळ नाही. काका कप्पी लावतायत, दोघांना ओढतील, तोवर हलायचं नाही. मी त्याला टेकून लिहितेय. लिहिलं नाही तर ओरडेन.

काकांनी हाक मारली. हाय म्हटलं. दोघांनी.

वर बोलाचाली चाललीय. आणखी माणसं आलीत. काका ओरडतायत, आत बाई हाय, दोन माणसं हायेत. कुणीतरी सांगतंय त्यांना आवरा, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय –

त्याचा आवाज आला. ऋतूचा. वरून. तो सिक्युरिटीला सांगतोय, मी इंजिनिअर आहे, माझी बायको केव्हाच वर आली, घरी गेली, मी स्वतः पाहिलं –

ओरडले. खूप ओरडले. आवाज टाकीतच फिरतो –

दोरी सैल पडली. वरून खाली आली सगळी.

काकांचा आवाज लांब गेला.

तोंडाशी तो वाकलाय. ऋतूचा चेहरा. रडतोय. माफ कर म्हणाला, मना परत नको –

उजेड अर्धा. बोल्टचा आवाज –

ऋतू विचारतोय, अजून किती वेळ. मी सांगितलं, काका आलेच, अगदी पाच मि